गोव्याच्या खाऱ्या हवेत कुठले काटे-चमचे टिकतात?

प्रश्न असा आहे: "फोंड्याहून वास्कोला, बायण्याच्या किनाऱ्याजवळ राहायला आलो. येताना चोवीस नगांचा काट्या-चमच्यांचा सेट घेतला होता. पहिला पावसाळा सरेपर्यंत त्यावर तपकिरी ठिपके आले. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं होतं, चिकटलं नव्हतं. म्हणजे स्टील चांगलंच होतं ना? आता पुन्हा घ्यायचेत. घरात आम्ही चौघं, चवथीला पाहुणे असतात. तीन हजारांत काय घ्यावं? मुलीला ऑनलाइन दिसणारे काळ्या दांड्यांचे सोनेरी चमचे आवडलेत."

ताई, आधी चुंबकाचं बघू, कारण तुमची फसगत तिथेच झाली. मी गोव्यातल्या हॉटेलांमध्ये स्ट्युअर्डिंगचं काम बघत आलोय. म्हणजे ताटं-काटेचमचे विकत घेणं, धुवून घेणं, मोजणं आणि हरवले की शिव्या खाणं. चुंबक चिकटलं नाही की स्टील उत्तम, हे वाक्य या धंद्यात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी खिशातून चुंबक काढलं की मला हसू येतं.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. हवा लागली की क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर पृष्ठभागावर धरतो आणि ओरखडा पडला तरी आपला आपण भरून येतो. त्यात पुरेसं निकेल घातलं की स्टीलची आतली रचना बदलते, ते चुंबकाला ओढलं जात नाही आणि आंबट-खारटापुढे जास्त टिकतं. चमच्याच्या पाठीवर १८/८ असं असतं ते हेच: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. बाजारात यालाच ३०४ म्हणतात. १८/० म्हणजे निकेल नाही. ते बहुतेक वेळा ४३० नंबरचं स्टील असतं आणि चुंबकाला घट्ट चिकटतं. बाजारात ही दोनच स्टीलं असती तर चुंबकाची परीक्षा पुरेशी होती.

पण निकेल महाग. ते वाचवायला त्याच्या जागी मँगनीज घालून केलेलं स्टील आपल्याकडच्या भांड्यांच्या धंद्यात भरपूर चालतं. २०१, २०२ आणि कारखानदारांच्या तोंडी असलेलं जे-४ ही त्याची नावं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के असतं, जे-४ मध्ये जेमतेम १ टक्क्याच्या आसपास. मँगनीजमुळे हे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे चुंबक तुम्हाला ३०४ आणि ४३० यांतला फरक सांगेल, ३०४ आणि जे-४ यांतला नाही. तुमचा सेट मी पाहिलेला नाही, पण चुंबक चिकटत नाही आणि एका पावसाळ्यात ठिपके, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझा संशय सरळ या मँगनीजवाल्या स्टीलवर जातो. खरं तर शिक्का नसलेल्या स्वस्त चमच्याला चुंबक चिकटलं तर मला जरा बरंच वाटतं. निदान ते १८/० असण्याची शक्यता असते आणि प्रामाणिक १८/० काही वाईट नाही. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर तेच घ्यावं. मोठ्या हॉटेलांना ते आणखी एका कारणाने आवडतं: खरकट्याच्या पिंपावर चुंबकाचं झाकण बसवलं की उष्ट्याबरोबर कचऱ्यात निघालेले चमचे तिथेच पकडले जातात. ३०४ चा चमचा तिथून बिनबोभाट निसटतो.

उलटही होतं. अस्सल ३०४ चा चमचासुद्धा मानेपाशी किंवा पुढच्या खोलगट वाटीच्या कडेला चुंबकाला किंचित ओढला जाऊ शकतो, कारण थंड पत्रा दाबून वाकवताना तिथली रचना थोडी बदलते. तेवढ्यावरून चांगला माल परत करू नका.

आता तुमच्या घराचा पत्ता. फोंड्यात असता तर तोच सेट कदाचित अजून काही वर्षं निभावून गेला असता. बायण्याला समुद्राच्या तुषारांतलं मीठ खिडकीतून थेट स्वयंपाकघरात येतं. मिठातलं क्लोराइड त्या क्रोमियमच्या थराला टाचणीने टोचावं तसं ठिकठिकाणी भोक पाडतं. म्हणूनच गंज सगळीकडे न येता ठिपक्या-ठिपक्यांनी येतो. किनाऱ्यावरच्या इमारतींच्या स्टीलच्या कठड्यांवर असेच तपकिरी डाग येतात, त्याला बांधकामवाले टी स्टेनिंग म्हणतात. त्यात आपल्या स्वयंपाकात आमसूल, चिंच, माडाचं व्हिनेगर, खारवलेली मासळी. आणि जून ते सप्टेंबर धुतलेलं काही धड सुकत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेतल्या फ्लॅटमधल्या माणसाला ३०४ आणि २०२ मधला फरक कधी जाणवणारही नाही. वास्को, पणजी, कळंगुट, कोलव्यात तो वर्षभरात दिसतो. म्हणून पैसे कमी असतील तर नग कमी घ्या, पण स्टीलच्या नंबरात तडजोड करू नका.

१८/१० लिहिलेलं १८/८ पेक्षा भारी, असं सांगून जास्त पैसे मागतील. ३०४ च्या व्याख्येतच निकेल ८ ते १०.५ टक्के धरलेलं आहे. घरच्या वापरात तुम्हाला फरक कळणार नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

दुसरं म्हणजे सेट घेऊच नका. चोवीस नगांच्या सेटात सहा मोठे चमचे, सहा काटे, सहा सुऱ्या, सहा छोटे चमचे. ही विभागणी ज्यांच्या घरी रोज काट्या-सुरीने जेवतात त्यांची आहे. आपल्या घरी हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात, हाताने खातात, आणि बांगडा काट्याने सोलायला लागलात तर जेवण संध्याकाळी संपेल. तुमच्या घरात खरोखर लागतात ते चमचे: पुलाव, खतखतं, पेज, सकाळचे पोहे, चवथीचं मणगणं. मधल्या मापाचा चमचा सगळ्यात जास्त वापरात येतो. हॉटेलच्या भाषेत त्याला एपी स्पून म्हणतात, एपी म्हणजे ऑल पर्पज. लांबी साधारण १८ सेंटिमीटर. पाश्चात्त्य मापाचा टेबल स्पून २० सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्याची वाटी आपल्या तोंडाला मोठी पडते आणि छोट्या वाटीत मावत नाही. चहाचा छोटा चमचा १३-१४ सेंटिमीटरचा. पाहुण्यांसाठी तोच खिरीला चालतो, म्हणून तो एपीइतकाच घ्यावा. काटे चार-सहा पुरे, नूडल्स, केक आणि कापलेल्या फळांसाठी. सुऱ्या तीन-चार.

म्हणून सुटे नग विकणारं दुकान गाठा. ज्या डिझाइनचा सुटा माल दुकानदार कायम ठेवतो तेच डिझाइन निवडा, म्हणजे पुढच्या वर्षी दोन हरवले तर तसेच दोन मिळतील. साधी सपाट दांडी, फार तर कडेला एक रेघ. फुलं-वेलींचं नक्षीकाम छान दिसतं, पण खाचांत साबण आणि ओल अडकते आणि डाग पहिल्यांदा तिथेच पडतात.

आता चमचा हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो, कारण शिक्क्यापेक्षा हाताला जास्त कळतं.

जाडी आधी. दुकानात गेज सांगतील, आणि गेजमध्ये आकडा लहान तितका पत्रा जाड हे लक्षात ठेवा. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, १४ म्हणजे २ आणि १२ म्हणजे २.६. घराला १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर उत्तम. १.६ चालवून घेता येईल. १.२ चा चमचा फ्रीजमधल्या आइस्क्रीममध्ये घातला की मान टाकतो. ३ मिलिमीटरचे जाडजूड चमचे हातात श्रीमंती वाटतात, पण रोजच्या जेवणात जड होतात, शिवाय लहान मुलांच्या हातून बशीवर पडले की बशीच फुटते. वयस्कर माणसाचा हात थरथरत असेल तर मात्र जड दांडीचा एक चमचा वेगळा घेऊन ठेवावा. काहींना त्याने हात स्थिर ठेवायला मदत होते.

जाडी सगळीकडे सारखी असणं ही चांगली खूण नाही. चांगल्या चमच्यात पत्रा आधी रुळांतून काढून वाटीकडे पातळ करतात आणि मानेपाशी, जिथे जोर येतो, तिथे जाड ठेवतात. स्वस्त चमचा एकाच जाडीच्या पत्र्यातून कापून ठोकलेला असतो. वाटीची कड बोटांत धरून बघा, मग मान धरून बघा. दोन्हीकडे सारखंच लागलं तर तो कापून ठोकलेला. मग चमचा काउंटरवर उभा धरून वाटीचं टोक दाबा आणि मानेला अंगठ्याने थोडा जोर द्या. वाकला तर परत ठेवा. दुकानदार कटकट करेल, करू दे. एक बोट मानेखाली ठेवून चमचा आडवा तोलून पाहा. तोल मानेच्या जवळपास साधला तर हातात बरा बसेल.

कड ओठांवरून फिरवा. हे दुकानात करायला लाज वाटते, तर अंगठ्याच्या नखावरून फिरवा. धारदार लागली तर पॉलिश आळशीपणाने केलंय. काट्यात दात्यांच्या मधली जागा बघा, बाहेरून चकाकणारा काटा आत खरबरीत असेल तर तिथे अन्न अडकणार आणि डागही तिथेच येणार. ही एकच खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण दात्यांच्या आत पॉलिश करायला वेळ लागतो आणि वेळ वाचवणारा कारखाना आधी तिथेच वाचवतो. शेवटी चमचा पाठीच्या बाजूने दुकानातल्या ट्यूबलाइटखाली धरा. ट्यूबची प्रतिमा सलग उमटली पाहिजे, लाटा दिसल्या तर पृष्ठभाग उंचसखल आहे. आपटून आवाज ऐकणारे लोक असतात. त्यातून काही कळत नाही.

काही दुकानांत, विशेषतः भंगारवाल्यांकडे, एका छोट्या बाटलीतला द्राव आणि ९ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी लावली की मँगनीजवालं स्टील रंग बदलतं. द्राव वेगवेगळे असतात, म्हणून आधी माहीत असलेल्या ३०४ वर तो रंग काय दाखवतो ते बघायला सांगा, मग तुमच्या चमच्यावर. हे नसेल तर घरची परीक्षा सोपी आहे. एकच चमचा विकत घ्या, ओल्या मिठाच्या फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवा. हलका माल बहुतेक वेळा तेवढ्यात ठिपके दाखवतो. मग बाकीचे घ्यायला जा. अर्थात एवढा धीर असेल तर.

सुरीचा हिशेब वेगळा. सुरीला धार धरायची असते आणि ३०४ ला उष्णतेने कडक करता येत नाही. म्हणून सुरीचं पातं १२ ते १४ टक्के क्रोमियमच्या, निकेल नसलेल्या ४२० सारख्या स्टीलचं असतं. कधीकधी त्यावर १३/० असं लिहिलेलं असतं. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये शेफील्डला जे गंजरोधक स्टील बनवलं ते याच जातीचं, सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं. तेव्हा सुरीला चुंबक चिकटणारच, आणि चमच्यांपेक्षा आधी डागही तिच्यावरच पडणार. जेवायच्या सुरीला चुंबक चिकटलं नाही तर ती पावाला लोणी लावण्यापलीकडे कामाची नाही. सुरी एकसंध घ्या. पोकळ मुठीची सुरी हलकी आणि देखणी असते, पण सांधा सैल झाला की आत पाणी शिरतं आणि मग ती कायमची खुळखुळत राहते. घेण्याआधी कानाशी धरून हलवून बघा.

मुलीच्या सोनेरी चमच्यांबद्दल. हे डिझाइन आलं कुठून ते तिला सांगा, मजा वाटेल. पोर्तुगालच्या क्युटिपोल कंपनीच्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेचं नावच 'गोवा' आहे: बारीक निमुळती रेझिनची दांडी, पुढे स्टीलची छोटी गोलसर वाटी. मूळ वस्तू तुमच्या बजेटच्या मानाने महाग. ऑनलाइन दिसतात त्या बहुतेक नकला. नकलांची अडचण दोन ठिकाणी असते. दांडी आणि वाटीचा सांधा, जो गरम पाण्यात रोज बुडवला की हळूहळू सैल होतो. आणि सोनेरी रंग. चांगला रंग पीव्हीडी पद्धतीने, निर्वात पेटीत टायटॅनियमसारख्या धातूचा थर बसवून देतात, तो बराच टिकतो. स्वस्तातला मुलामा तारेच्या घासणीपुढे महिनाभरही तग धरत नाही, आणि आपल्या घरी भांडी कशाने घासली जातात ते तुम्हाला माहीत आहे. हौसच असेल तर केक खायचे चार छोटे सोनेरी काटे घेऊन द्या, संपूर्ण स्टीलचे, सांधा नसलेले, आणि घासायची जबाबदारी तिच्यावर टाका.

चांदीच्या मुलाम्याचे जुने काटे-चमचे कोणी देऊ करेल. पाठीवर ईपीएनएस लिहिलेलं असतं, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. त्यातल्या 'निकेल सिल्व्हर'मध्ये चांदी मुळीच नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त. चांदी फक्त वरच्या थरात. खाऱ्या दमट हवेत ते काळं पडत राहतं, दर सणाला घासत बसावं लागतं. भेट आली तर घ्या, विकत घेऊ नका.

कुठे घ्यायचं? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि जत्रांमधले ठेले करवंटीच्या दवल्यांसाठी, म्हणजे ढवळायच्या पळ्यांसाठी, चांगले, काट्या-चमच्यांसाठी नाही. तिथला माल हलका असतो आणि नंबर विचारलात तर "एकदम ओरिजिनल" एवढंच उत्तर येतं. पणजी, म्हापसा, मडगावला हॉटेलांना माल पुरवणारी दुकानं आहेत, तिथे जा. काउंटरवर "एपी स्पून, ३०४, चौदा गेज, सुटे" एवढंच बोला. माणूस तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल आणि आतला खोका काढेल. मे महिन्याच्या शेवटी किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खाणावळी, मोडतात, तेव्हा कोणी धंदाच आवरत असेल तर वापरलेले चांगले चमचे स्वस्तात मिळून जातात. वापरलेल्या चमच्याचा फायदा असा की एक हंगाम समुद्रासमोर काढूनही त्यावर डाग नसतील, तर परीक्षा आधीच झालेली असते. ऑनलाइन घ्यायचं झालं तर "फूड ग्रेड" आणि "प्रीमियम स्टील" या शब्दांना काही अर्थ नाही. ३०४ किंवा १८/८ स्पष्ट लिहिलंय का, जाडी मिलिमीटरमध्ये दिलीय का, आणि खोक्याशिवायच्या वजनाला नगांनी भागून काय येतं, हे पाहा. २ मिलिमीटरचा एपी चमचा साधारण ४० ग्रॅमच्या आसपास भरतो. भागाकार वीस-पंचवीसवर आला तर तो पातळ पत्रा आहे.

तीन हजारांचा हिशेब मी असा मांडेन: बारा एपी चमचे, बारा छोटे चमचे, सहा काटे, तीन एकसंध सुऱ्या, आणि वाढायचे तीन चमचे, त्यातला एक भातासाठी चपटा. ३०४ चा एपी चमचा नव्वदच्या आसपास आणि छोटा पन्नासच्या आसपास मिळाला तर सगळं तीन हजारांत बसतं. भाव चढा निघाला तर आधी सुऱ्या उडवा, मग काटे तीनवर आणा. जाडी कमी करू नका. नॉनस्टिक भांड्यात ढवळायला दवली किंवा लाकडी चमचा घरात असेलच.

सांभाळणं फार नाही, पण बायण्याला टाळता येणार नाही. रात्री सिंकमध्ये आमटी-सोलकढीचे चमचे भिजत घालू नका. मिठाच्या बरणीत स्टीलचा चमचा ठेवू नका, पावसाळ्यात मीठ ओलं होतं आणि ३०४ लासुद्धा ते सोसत नाही. तिथे लाकडीच हवा. तारेची घासणी बंद. तिचे लोखंडाचे बारीक कण चमच्यात रुततात, ते गंजतात आणि दोष चमच्याला जातो. सिंक धुवायच्या ब्लीचिंग पावडरपासून चमचे लांब ठेवा, त्यातलं क्लोरीन हवेतल्या मिठापेक्षा वाईट. धुतल्यावर पुसून खालून भोकं असलेल्या स्टँडमध्ये उभे ठेवा. बंद ड्रॉवरमधल्या प्लास्टिकच्या ट्रेत ओले टाकले की ओल तशीच राहते.

सगळे ठिपके गंजाचे नसतात, हेही बघून घ्या. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर त्याचा तांबूस थर चमच्यावर बसतो, लिंबू चोळलं की निघतो. पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे आणि इंद्रधनुषी छटा उष्णतेची, दोन्ही व्हिनेगरच्या फडक्याने जातात. ठिपका चोळून गेला आणि खाली नखाला खड्डा लागला नाही, तर चमचा ठीक आहे. तुमच्या जुन्या सेटावर हे करून पाहा. जे नग गुळगुळीत निघतील ते डबे-बरण्यांना लावा, खड्डे पडलेले भंगारात द्या.

आणि बिलावर "एसएस ३०४" लिहून मागा. लिहायला दुकानदार का-कू करू लागला, तर बाजारात दुसरं दुकान आहे.